पहिलं पदक कुणाचं?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी नकोत. बाकावर कोरलेली नावं, डब्यातली चटणी आणि गॅदरिंगमधली फजिती यांवर अकरा लेख आले आहेत. तुला ते सामान्यज्ञान फार असायचं ना, त्यातलं काहीतरी गमतीचं लिही." मी हो म्हटलं. पण सामान्यज्ञान म्हटलं की मला एकच गोष्ट आठवते, आणि ती फारशी गमतीची नाही. म्हणून आठवण आणि माहिती अशी भेळ करून पाठवते आहे. बारावा लेख समजा.

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर एक लाकडी ढाल आहे. पितळी पत्र्यावर 'आंतरशालेय सामान्यज्ञान स्पर्धा, १९९६-९७, प्रथम क्रमांक' असं कोरलंय. ती आम्ही तिघांनी आणली होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर टाळ्या झाल्या आणि पी.टी.च्या सरांनी आम्हाला स्वतःच्या पैशाने भजी खाऊ घातली. ही ढाल आपल्याला ज्या उत्तरामुळे मिळाली ते चुकीचं होतं. ते मी दिलं होतं. आणि बरोबर उत्तर माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने माझ्या कानात सांगितलं होतं.

शेवटची फेरी एका मोठ्या शहरात होती. बॅडमिंटनचं जुनं नाव काय, हा प्रश्न आम्ही पटकन सोडवला होता (पूना, इंग्रज अधिकारी हा खेळ पुण्यात खेळत, त्यावरून). शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि शहरातली एक नावाजलेली शाळा बरोबरीत होतो. प्रश्न आला : ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोण? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिअँडर पेसने अटलांटाला टेनिसमध्ये ब्राँझ जिंकलं होतं आणि मी त्याचा फोटो कापून वहीला लावला होता. शेजारचा मुलगा पुटपुटला, "खाशाबा." मी कॅप्टन. मी त्याच्याकडे वळूनही न बघता मोठ्याने म्हणाले, "लिअँडर पेस." मागच्या रांगेतून कुणीतरी म्हातारा माणूस "खाशाबा, खाशाबा जाधव!" असं ओरडला. सूत्रसंचालकांनी त्यांना शांत राहायला सांगितलं, हातातलं कार्ड वाचलं आणि जाहीर केलं, "बरोबर."

म्हणजे माझं चुकलं होतंच, पण कार्डही चुकलेलं होतं. दोन चुका जुळल्या आणि ढाल मिळाली. पेसच्या पदकाच्या बातमीत '४४ वर्षांनी' असे शब्द होते. ४४ वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे खाली वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते. आणि आपली शाळा कुठे आहे? कराडपासून एस.टी.ने तासाभरावर. गोळेश्वर तर कराडच्या वेशीलाच लागून आहे.

तर आता ते खालचं वाचू.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, गोळेश्वरचा. वडील स्वतः पैलवान. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. तोपर्यंतची त्यांची कुस्ती तांबड्या मातीतली होती. मॅटवर पाय घट्ट रोवता येत नाही, पकड वेगळी, गुणांचा हिशेब वेगळा. मातीत पाठ लागली की निकाल, तिथे एकेका गुणासाठी झुंजायचं. तरीही फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानाने त्यांना मॅटवरचे डावपेच शिकवले. परतल्यावर चार वर्षं तयारी केली आणि त्यांनी वरचा, बँटमवेट म्हणजे ५७ किलोचा गट निवडला.

१९५२ च्या हेलसिंकीची निवड सरळ झाली नाही. त्यांना डावलल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावून घेऊन ती जिंकली, असं सांगतात. मग प्रश्न पैशांचा आला. गावाने, कराडच्या दुकानदारांनी, ओळखीपाळखीच्यांनी जमेल तसे दिले. कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त थांबायला लावणारी गोष्ट हीच आहे. खाशाबांना मॅटवर निदान आपल्या ताकदीचा भरवसा होता. खर्डेकरांना कशाचा भरवसा होता? चार वर्षांपूर्वी सहाव्या आलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी घर पणाला लावलं, आणि तेही कुस्तीसाठी, जी तेव्हा बऱ्याच सुशिक्षित घरांत अभ्यासाची वैरीण समजली जायची.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना मागे टाकलं. पुढे जपानचा शोहाची इशी आला. ही कुस्ती पंधरा मिनिटं चालली आणि खाशाबा हरले. इशीने पुढे सुवर्ण घेतलं. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. त्यानंतर सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी गाठ होती. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ते मांडायला आपल्या पथकाचा कुणी माणूस तिथे हजर नव्हता, आणि दमलेल्या खाशाबांना लगेच मॅटवर उतरावं लागलं, अशी हकिगत सांगितली जाते. ती कुस्तीही गेली. तरी २३ जुलै १९५२ ला ब्राँझ त्यांच्या गळ्यात होतं. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवून सुवर्ण जिंकलं. ५७ किलोच्या माणसाचं ब्राँझ त्या जल्लोषात कुठे राहिलं असेल, याची कल्पना करता येते.

गावाने मात्र ते राहू दिलं नाही. कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पायी थोड्या वेळात संपणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यांतून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच आटोपण्यासारखं करून ठेवलं गेलं. १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. बरीच वर्षं बढती नाही. १९८३ मध्ये निवृत्त झाले, आणि १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. आम्ही ढाल घेतली त्या वर्षी यातलं काहीच झालेलं नव्हतं. म्हणजे कार्ड लिहिणाऱ्याला फार दोष देण्यात अर्थ नाही.

इथवर आलं की वाटतं, चला, उत्तर 'खाशाबा', विषय संपला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग एकदा रात्री एक काम अडकलं असताना (आमच्या धंद्यात रात्री काम अडकतंच) वेळ घालवायला म्हणून मी ऑलिम्पिकच्या नोंदी वाचत बसले आणि १९०० सालापाशी अडखळले.

त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं आहेत. दोन्ही एकाच माणसाची : नॉर्मन प्रिचर्ड. २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत. जन्म कलकत्त्याचा, शिक्षण तिथल्याच सेंट झेवियर्समध्ये. आई-वडील इंग्रज. ते ऑलिम्पिकही आजच्यासारखं नव्हतं. जागतिक प्रदर्शनाचा एक भाग म्हणून मे ते ऑक्टोबर असं ते पाच महिने रेंगाळलं. शर्यती बागेतल्या गवतावर झाल्या, आणि आपण ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला हे काही खेळाडूंना शेवटपर्यंत कळलं नाही. (क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये एकदाच झालं, तेही याच वर्षी. एकूण सामना एकच : ब्रिटन विरुद्ध फ्रान्स, आणि फ्रान्सच्या संघातही बहुतेक इंग्रजच.) प्रिचर्ड नंतर इंग्लंडला गेला, तिथून अमेरिकेला, आणि नॉर्मन ट्रेव्हर हे नाव घेऊन हॉलिवूडच्या मूकपटांत कामं करू लागला. १९२९ मध्ये तो तिकडेच वारला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या हिशेबात त्याची पदकं भारताची आहेत. ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने काढलेल्या आकडेवारीत मात्र ती ब्रिटनच्या खात्यावर टाकली गेली.

मग पहिला कोण? आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर क्वेरी चालवताना अट लिहायची राहून गेली आहे. 'भारताच्या नावावर' अशी अट घातली तर प्रिचर्ड येतो, 'स्वतंत्र भारताचा' म्हटलं तर खाशाबा. 'टेनिसमध्ये' एवढा शब्द प्रश्नात असता, तर आमची ढाल शंभर टक्के हक्काची ठरली असती! आता जी.के.च्या पुस्तकांत 'स्वतंत्र भारताचे पहिले' असं नीट लिहिलेलं असतं. पण माझं मत विचाराल तर या शब्दांत मोठी माणसं बसतात आणि 'जवळजवळ पहिले' बाहेर राहतात. त्यातल्या दोन-चार जणांची ओळख करून दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या इकडचीच माणसं आहेत.

भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ गेला तो १९२० साली, बेल्जियममधल्या अँटवर्पला. त्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर झाली. दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या शर्यतींना ते गेले तेव्हा त्यांना दिसलं की धावणारी पोरं शेतात राबणारी, साध्या भाकरतुकड्यावर वाढलेली आणि अनवाणी आहेत. मैदान एवढंसं की १०० यार्डांची शर्यत वळणावरून, पट्ट्यांना दोऱ्या न बांधता घ्यायचा बेत होता. पण घड्याळात वेळ पाहिल्यावर दोराबजी चकित झाले. ती युरोपातल्या वेळांच्या पंक्तीला बसण्यासारखी होती. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यापाशी विषय काढला, स्वतःच्या खिशातून पैसे घातले, आणि अर्धा डझन लोकांचा संघ बोटीने गेला. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

त्या संघात फडेप्पा चौगुले होते, बेळगावकडचे. त्यांनी मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळवला. १९ वा म्हणजे काही नाही असं वाटत असेल तर एकदा ४२ किलोमीटर धावून बघा. मी दहावर थांबते. आणि त्या संघात रणधीर शिंदे नावाचे मल्ल होते. फेदरवेट गटात ते ब्राँझपदकाच्या कुस्तीपर्यंत पोचले आणि ब्रिटनच्या पैलवानाकडून हरले. चौथे आले. ती एक कुस्ती उलटी फिरली असती तर खाशाबांच्या ३२ वर्षं आधी मातीतल्या कुस्तीचं पदक आलं असतं आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकात शिंद्यांचं नाव असतं. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मध्ये कधीकधी एकच पकड असते. खाशाबांबरोबर हेलसिंकीला गेलेले केशव माणगावेही असेच अगदी थोडक्यात हुकले.

आता भाषेकडे वळते, कारण ही गंमत सांगितल्याशिवाय संपादक मला सोडणार नाहीत.

दोराबजी पारशी. नवजोत झालेल्या प्रत्येक पारशी माणसाच्या कमरेला लोकरीचा पवित्र धागा असतो. त्याला म्हणतात कुस्ती. आणि त्यांनी अँटवर्पला पाठवलेले दोन मल्ल लढले तीही कुस्तीच. हा योगायोग नाही. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानतात : जुन्या इराणी भाषेत कमरपट्ट्याला असलेला शब्द. एकमेकांचा कमरपट्टा धरून झोंबायचं म्हणून तो खेळ कुस्ती. 'पैलवान'चंही तसंच. फारसीतला पहलवान म्हणजे मुळात पहलव, पार्थियाचा माणूस, योद्धा. हे पहलव आपल्याला फार जुने ओळखीचे आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पहलवांचा संहारक म्हटलंय. ज्यांना हरवल्याचा अभिमान दगडात कोरला, त्यांचंच नाव आपण पुढे आपल्या गावातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला दिलं.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द 'तालीम'. पहिली नोकरी लागली तेव्हा लखनौकडच्या एका वयस्कर सहकाऱ्याने अतिशय अदबीने मला विचारलं होतं, "आपकी तालीम कहाँ हुई?" मला क्षणभर कळेना की माझ्याकडे बघून यांना जोर-बैठकांची शंका का यावी. तालीम हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षणपद्धती मांडली ती 'नई तालीम'. आणि त्याच महाराष्ट्रात आपण तालीम म्हणतो ती लाल मातीच्या हौद्याला, किंवा नाटकाच्या सरावाला. तालमीतला 'वस्ताद' हाही फारसी उस्ताद, म्हणजे गुरुजी.

ग्रीकांनी नेमकं उलटं केलं. जिम्नॅशियम ही त्यांची व्यायामाची जागा. शब्दाचं मूळ 'उघडा' या अर्थाच्या शब्दात आहे, कारण तिथे अंगावर काही न घालता व्यायाम करत. हाच शब्द जर्मनीत गेला आणि त्याचा अर्थ झाला हायस्कूल. कामासाठी सहा महिने जर्मनीत होते, तेव्हा घराजवळ 'गिम्नाझिउम' अशी पाटी बघून मी महिन्याची फी विचारायला आत गेले होते. आतल्या बाईंनी मला मुलाचं वय विचारलं. म्हणजे त्यांची व्यायामशाळा चालत जाऊन शाळा झाली आणि आपली शाळा चालत जाऊन व्यायामशाळा झाली. शिवाय इंग्रजी 'स्कूल' ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ 'मोकळा वेळ', हे आपल्या गणिताच्या सरांना कुणी सांगितलं नाही तेच बरं.

तो मुलगा दोन्ही अर्थांनी तालमीतला होता. रोज पहाटे गावच्या तालमीत आणि साडेदहाला आपल्या शाळेत, 'ब' तुकडीत, शेवटच्या बाकावर, कानात मातीचा कण अडकलेला. सामान्यज्ञानाच्या संघात तो आला तोच खेळांच्या प्रश्नांसाठी. खाशाबांचा ढाक हा डाव कसा, हे त्याने मला एकदा कंपासपेटी आणि खोडरबर घेऊन दाखवलं होतं. त्या स्पर्धेनंतर परतीच्या एस.टी.त ढाल माझ्या मांडीवर होती. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, आनंद झालाय. दहावीनंतर त्याची-माझी भेट नाही. त्याचं नाव लिहीत नाही, पण वर्गातल्या सगळ्यांना ते कळलंच असेल.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याचा नंबर मिळवून फोन केला. सत्तावीस वर्षांनी माफी मागायची म्हणजे सुरुवात कुठून करायची ते सुचेना. प्रिचर्डपासून केली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, मी हट्ट केला असता तर ढाल त्या शेरातल्या पोरांनी नेली असती. कार्डावर पेसच होतं की!" मग जरा थांबून म्हणाला, "माझा आजा त्या मिरवणुकीत होता. गाडी आमचीच होती, बैल आमचे. मला ते काय पुस्तकात वाचायची गरज नव्हती. पर ते सांगायला तू वळून बघितलंच नाहीस."

मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, "लिव तू. लिव सगळं."

तो आता शेती बघतो आणि संध्याकाळी तालमीत पोरांना शिकवतो. मॅट आली आहे, पण माती त्याने मोडू दिलेली नाही. यंदा तीन मुलीही येतात म्हणाला. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तालमीत यायचं आमंत्रण दिलंय, त्यातही अट आहे : चप्पल बाहेर काढायची आणि फोटो काढायच्या आधी वस्तादांना विचारायचं. आपल्यापैकी कुणाला यायचं असेल तर आदल्या दिवशी चहाच्या वेळी मला सांगा. माझ्या गाडीत चार जणांना जागा आहे.